‘मला’चे गणगोत

बंगळूरच्या मल्लेश्वरम या वस्तीला ज्या देवाने नाव दिले त्या काडु मल्लेश्वराशी मराठी माणसाचे नाते सांगावयाचे, तर ते एका दानापासून सांगावे लागते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना कानडी मुलखात एकोजी म्हणत, यांनी इ.स. १६६९ मध्ये मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद शिलालेखात आहे. ‘काडु’ म्हणजे रान. त्या काळी हे देऊळ बंगळूरच्या कोटापासून दूर, खरोखरीच रानात होते. पुढे १८९८ मध्ये प्लेगने शहर हैराण केले, तेव्हा मोकळ्या हवेची वस्ती म्हणून मल्लेश्वरम वाढले आणि रानाचे रस्ते झाले. आज संपिगे रोडवरून भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला आपण एका जुन्या मराठी दानाच्या हद्दीशेजारून जात आहोत याची आठवण राहतेच असे नाही.

दान म्हटले की तीन गोष्टी आल्या. देणारा, दिलेली वस्तू आणि ज्याला दिली तो. पहिल्या दोहोंचा बोलबाला फार होतो. देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि वस्तूच्या चतुःसीमा बारकाईने लिहिल्या जातात. तिसरा मात्र एका प्रत्ययाच्या आडोशाला उभा असतो. कानडी दानलेखांत ‘देवरिगे’ हे पद पुन्हापुन्हा येते. ‘देवरिगे’ म्हणजे देवाला. मराठी पत्रांत हीच जागा ‘यांसी’ची. ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’ असे लिहिल्यावाचून मराठेशाहीतील कारकुनाची लेखणी पुढे सरकत नसे, आणि वडिलधाऱ्यांना लिहिताना ती ‘सेवेसी’पाशी थांबे. आपल्या कचेऱ्यांतील मराठी पत्रांच्या माथ्यावर जो ‘प्रति’ बसतो तो याच ‘यांसी’चा वारस. ज्याला द्यावयाचे, ज्याला सांगावयाचे, ज्याला लिहावयाचे, त्या तिसऱ्या माणसाचा, आणि विशेषेकरून त्याने स्वतःविषयी बोलताना वापरलेल्या ‘मला’ या दोन अक्षरांचा हा इतिहास आहे.

या इतिहासाला तोंड फुटण्याचे निमित्त थोडे अनपेक्षित आहे. बंगळूरच्या मराठी घरांतून हल्ली शाळा-कॉलेजातील मुले जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषा शिकतात. त्यांतील स्पॅनिश शिकणाऱ्या मुलाला पहिली ठेच लागते ती ‘मे गुस्ता एल मान्गो’ या वाक्यापाशी. हातातले पुस्तक इंग्रजी असते. ते सांगते की याचा अर्थ ‘मी आंबा पसंत करतो’ असा आहे, पण रचना मात्र ‘आंबा मजप्रत सुखकारक होतो’ अशी उलटी आहे. विद्यार्थ्याने कर्त्याला कर्म व कर्माला कर्ता समजून चालावे, असा उपदेशही त्यात असतो. मुलगा गोंधळतो. वास्तविक त्याच्या आजीने हे वाक्य ऐकले असते तर तिला त्यात उलटे असे काहीच दिसले नसते. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो, ‘एल मान्गो’ म्हणजे आंबा. आंबे अनेक झाले की स्पॅनिश माणूस ‘मे गुस्तान लोस मान्गोस’ म्हणतो आणि आपण ‘मला आंबे आवडतात’ म्हणतो. क्रियापद आंब्यामागे चालते, खाणाऱ्यामागे नाही. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटते. जी गोष्ट घरच्या भाषेत जन्मापासून आहे ती परक्या भाषेच्या आरशात पाहून अवघड करून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. तो पुष्कळ घरांत चालतो म्हणूनच येथे थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

या ‘मला’ची पहिली बारकाईची चौकशी पाणिनीने केली. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात ‘संप्रदान’ या संज्ञेची व्याख्या येते. देण्याच्या क्रियेतील वस्तूने ज्याला गाठावयाचे तो संप्रदान, असा तिचा आशय. पण पाणिनी तेथे थांबत नाही. लगेच पुढच्या सूत्रात तो म्हणतो की रुचणे या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला रुचते तोही संप्रदान. टीकाकारांचे उदाहरण देवदत्ताचे आणि मोदकाचे आहे. देवदत्ताला मोदक रुचतो, येथे मोदक कर्ता आणि देवदत्त चतुर्थीत. स्पॅनिश पुस्तकातील आंब्याचे वाक्य ते हेच. त्याच प्रकरणात पुढे ऋण देणारा सावकार संप्रदान ठरतो, आणि ज्याच्यावर राग धरला तोही. देणे, रुचणे, देणे लागणे, रागावणे हे चार वेगळे व्यवहार पाणिनीने एका छपराखाली आणले. माणसाकडे काहीतरी येते किंवा त्याच्या रोखाने काहीतरी जाते, एवढाच त्यांतील समान धागा आहे. त्या माणसाने काही केलेच पाहिजे असे नाही.

पुढे शास्त्रीमंडळींनी या संप्रदानावर बराच काथ्याकूट केला आणि तो मोठा रंजक आहे. काशिकाकारांच्या मते परत न घेण्याच्या बुद्धीने दिलेलेच खरे दान. म्हणून परटाला कपडे देणे हे संप्रदान नव्हे, कारण ते धुऊन परत घ्यावयाचे असतात. तेथे चतुर्थी न येता षष्ठी येते. उलट महाभाष्यात गुरुजी शिष्याला चपराक देतात ते चतुर्थीत आहे! चपराक परत घेतली जात नाही हे खरे. तथापि तिला दान म्हणावयास शिष्य कितपत तयार होईल, हा प्रश्न उरतोच. विनोद सोडला तरी यातील वाद खरा आहे. विभक्ती ही माणसाच्या हेतूने ठरावयाची की केवळ क्रियेच्या दिशेने? मराठीने या वादाचा निकाल केव्हाच लावून टाकला. आपण परटालाही कपडे ‘ला’नेच देतो.

संस्कृतातून प्राकृतात येताना चतुर्थीचे घर मोडले. प्राकृतांत चतुर्थीचे स्वतंत्र रूप जवळजवळ नाहीसे झाले आणि तिचे काम षष्ठीकडे आले. ज्याला द्यावयाचे तो आणि ज्याचे आहे तो, हे दोघे एका पंक्तीला बसले. जुन्या मराठीतील ‘मज’, ‘तुज’ ही रूपे प्राकृतातील ‘मज्झ’, ‘तुज्झ’ यांवरून आली. तसेच ‘देवस्य, देवस्स, देवास’ अशी वाट ‘स’ या प्रत्ययासाठी बहुतेक अभ्यासक दाखवितात. एकदा घर मोडल्यावर प्रत्येक प्रांताने आपापले नवे घर बांधले. हिंदीने ‘को’ घेतला, गुजरातीने ‘ने’, पंजाबीने ‘नू’, बंगालीने ‘के’. आपल्या ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत ‘सि’, ‘ते’, ‘लागी’, ‘प्रति’ अशी बरीच गर्दी होती. आज सर्वत्र दिसणारा ‘ला’ त्या मानाने अलीकडचा. अनेक अभ्यासक त्याचा उगम याच ‘लागी’त पाहतात. विदर्भात ‘मले’ झाले, मालवणात ‘माका’ आणि गोव्यात ‘म्हाका’. कवींनी आणि जुन्या गद्याने ‘मजला’ वापरले. त्यात ‘मज’ ही आधीच चतुर्थी, तिच्यावर पुन्हा ‘ला’ ही चतुर्थी. अंगरख्यावर अंगरखा! स्पॅनिशमध्येही ही हौस आहे. ‘माझ्याबरोबर’ या अर्थी ते ‘कोनमिगो’ म्हणतात. लॅटिनमधील ‘मेकुम’ या रूपात ‘बरोबर’ शेवटी होताच, तो झिजून ओळखू येईनासा झाला, म्हणून पुढे आणखी एक ‘कोन’ लावला. जुना प्रत्यय झिजला की लोक नवा लावतात आणि जुन्याला काढून टाकण्याच्या फंदात पडत नाहीत. भाषा अशा बाबतीत फार काटकसरी नसते.

आता कानडीकडे वळू. कर्नाटकात बदली होऊन आलेला मराठी अधिकारी जे पहिले कानडी वाक्य पाठ करतो ते बहुधा ‘ननगे कन्नड बरुवुदिल्ल’ हे. ‘ननगे’ म्हणजे मला, ‘बरु’ म्हणजे येणे, ‘इल्ल’ म्हणजे नाही. मला कानडी येत नाही. शब्द सगळे परके आणि वाक्य सगळे आपले! ‘ननगे गोत्तिल्ल’, मला ठाऊक नाही. ‘ननगे बेकु’, मला पाहिजे. ‘ननगे बेड’, मला नको. ‘ननगे ज्वर बंदिदे’, मला ताप आला आहे. तापदेखील दोन्ही भाषांत ‘येतो’, पाहुण्यासारखा, आणि माणूस त्याचा यजमान होऊन बसतो. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर भाजी घेताना व्याकरण शिकावे लागत नाही. मराठीतल्या वाक्याचे खण तसेच ठेवून त्यांत कानडी शब्द भरले की काम भागते. तुकोबांनी एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा यांच्या संसाराची गंमत केली आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही, हे तिचे मर्म. ती गंमत शब्दांपुरती खरी आहे. वाक्यांपुरते पाहिले तर त्या जोडप्याचा संसार वाटला तितका विजोड नव्हता.

हे साम्य आले कोठून? येथे मात्र सावधपणे बोलावयास हवे. मराठी आणि कानडी यांच्या देवाणघेवाणीविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील काही लिखाणाला अभिमानाचा ताप आहे. धारवाडचे शं. बा. जोशी यांनी महाराष्ट्राच्या संस्कृतीत कानडीचा मोठा थर दाखविला, तेव्हा मराठी वाचक दचकले. उलट शहाजीराजांच्या बंगळूर दरबाराचा दाखला देऊन मराठीच्या दक्षिणेतील थोरवीचे पोवाडे गाणारेही आहेत. तो दरबार खरोखर बहुभाषी होता. तेथील जयराम पिंड्ये याने आपल्याला बारा भाषा येत असल्याचे सांगितले आहे, आणि वि. का. राजवाडे यांनी त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ १९२२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्या दरबाराचे चित्र मराठी वाचकाला परिचित झाले. परंतु ‘मला भूक लागली’ हे वाक्य ना कोणत्या दरबाराने दिले, ना कोणत्या राज्याने घेतले. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ मध्ये हिंदुस्थान हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचा सिद्धान्त मांडला. वेगळ्या कुळांतील भाषा शेजारी नांदून एकमेकींसारख्या होतात, असा त्याचा अर्थ. पुढे कॉलिन मासिका यांनी १९७६ मध्ये अशा साम्यांचे नकाशेच काढले आणि ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत, ही रचना त्यांत घेतली. ती हिंदीत आहे, तेलुगूत आहे, तमिळात आहे. पाणिनीचा देवदत्त पाहता तिचे बीज संस्कृतातही होते. शेजाराने त्या बीजाला पाणी घातले, इतके म्हणणे मला न्याय्य वाटते. रोप कोणाचे, यावर भांडण करण्याइतका पुरावा कोणाच्याच पदरी नाही.

शेजार म्हणजे काय, हे पाहावयाचे तर सांगली जिल्ह्यातील कुपवाडला जावे. गम्पर्झ आणि विल्सन या दोघा संशोधकांनी १९७१ मध्ये या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि तो जगभर वाचला गेला. गावातील जैन कानडी बोलत, मुसलमान उर्दू, आणि मराठी सर्वांना समान. कोणीही आपली घरची भाषा सोडली नव्हती. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने त्या भाषांच्या वाक्यांची ठेवण इतकी एक झाली होती की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून दुसरीत नेता यावे. माणसांनी शब्द राखले, कारण शब्दांवरून जात ओळखू येते. वाक्याची घडण मात्र त्यांनी राखली नाही. ती कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून तिच्याबद्दल अभिमानही नसतो. सीमाभागात नोकरी केलेल्यांना याचा पडताळा घेण्यास फार दूर जावे लागणार नाही.

कुपवाडचे साम्य शेजाराने आले. स्पेनचे काय? तेथे ना कानडी पोचली, ना मराठी. म्हणूनच स्पॅनिशची गोष्ट अधिक विचार करावयास लावते. लॅटिनमध्ये चतुर्थी होती आणि रुचण्याच्या, शोभण्याच्या काही क्रियापदांबरोबर ती येत असे. लॅटिनचे प्रत्यय गळाले तेव्हा नामांसाठी ‘आ’ हे अव्यय उभे राहिले. सर्वनामांत मात्र जुनी विभक्ती जीव धरून राहिली. ‘मे’ मला, ‘ते’ तुला, ‘ले’ त्याला किंवा तिला, ‘नोस’ आम्हांला, ‘लेस’ त्यांना. विद्यार्थी ज्यावर अडखळतात असा एक नियम येथे आहे. ‘मी त्याला ते देतो’ म्हणताना ‘ले लो दोय’ चालत नाही, ‘से लो दोय’ म्हणावे लागते. हे ‘से’ कोठून आले, ते पुस्तके सहसा सांगत नाहीत. जुन्या स्पॅनिशमध्ये येथे ‘झे लो’सारखा उच्चार होता, आणि तो लॅटिनच्या ‘त्याला’ व ‘ते’ या दोन शब्दांच्या सांध्यातून झालेला होता. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास उच्चार बदलत गेले आणि लोकांनी त्याची ‘स्वतःला’ या अर्थाच्या ‘से’शी गल्लत केली. ती गल्लतच पुढे नियम झाली. नेब्रिहा याने १४९२ मध्ये स्पॅनिशचे पहिले व्याकरण राणी इसाबेलला अर्पण केले तेव्हा जुने रूप अजून चालू होते. ज्या वर्षी कोलंबस निघाला त्याच वर्षी हे पुस्तक निघाले. साम्राज्याबरोबर भाषाही पसरते, अशी त्या पंडिताची धारणा होती. साम्राज्ये आली आणि गेली. त्या गल्लतीचे ‘से’ मात्र मेक्सिकोपासून आर्जेन्टिनापर्यंत अजून नांदते आहे.

आणि ‘मे गुस्ता’? ते जुने आहे असे वाटते, पण नाही. ‘गुस्तार’ म्हणजे मुळात चव घेणे. सतराव्या शतकातील स्पॅनिश लेखक ‘मी अमुक गोष्टीची आवड धरतो’ अशा कर्तरी वळणाने हे क्रियापद सर्रास वापरीत. रुचणाऱ्या वस्तूला कर्ता करून माणसाला ‘मे’मध्ये बसविण्याची रीत त्या क्रियापदात पुढे रुळली. तिच्यासमोर कित्ता होता तो ‘मे प्लासे’ म्हणजे ‘मला भावते’ अशा जुन्या वाक्यांचा. इंग्रजीची वाट नेमकी उलटी. जुन्या इंग्रजीत आवडणे हे क्रियापद ‘मला’ घेऊनच येई. ‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटते’ हे शेक्सपिअरच्या नाटकांत जागोजाग आढळते. मग इंग्रजीने विभक्ती टाकल्या, ‘मला’चे ‘मी’ झाले, आणि ज्याला आवडत असे तो आवडून घेणारा झाला. ज्या इंग्रजी पुस्तकाला स्पॅनिश वाक्य उलटे वाटते, त्याच्या स्वतःच्या पणजीचे बोलणे तसेच होते.

या तिन्ही वाटा एका वर्षात एकत्र पाहावयाच्या असतील तर ते वर्ष १६१६. त्या वर्षी एप्रिल महिन्यात सर्व्हान्तेस वारला आणि शेक्सपिअरही वारला. त्याच वर्षी गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. स्टीफन्स हा इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यास आलेला, जेझुइट पंथाचा. शेक्सपिअरपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. म्हणजे ज्या इंग्रजीत ‘मीथिंक्स’ जिवंत होते ती त्याची मातृभाषा. त्याने मराठीत ओव्या रचल्या तेव्हा ‘मज’, ‘तुज’ यांत त्याला खटकण्यासारखे काही वाटले असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही. त्याने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. हिंदुस्थानच्या कोणत्याही भाषेचे छापील व्याकरण यापूर्वी निघाले नव्हते. व्याकरणाची चौकट लॅटिनची, भाषा पोर्तुगीज, विषय कोकणी, आणि त्या विषयाचे नाव ‘कानारीं’! पोर्तुगीजांनी कोकणीला कानडीचे नाव दिले. आपल्या सीमावादाच्या काळात हे कोणा राजकारण्याच्या ध्यानी आले नाही हे बरेच झाले.

गोव्याची एक विलक्षण गोष्ट अशी की तेथे साडेचारशे वर्षे जी युरोपीय भाषा राज्य करीत होती ती स्पॅनिशची सख्खी बहीण, तरी तिच्यात ‘मला आवडते’ नाही. पोर्तुगीज माणूस ‘एउ गोश्तु’ म्हणतो, म्हणजे ‘मी आवड धरतो’. स्पॅनिशने मागे टाकलेली जुनी रीत तिने जपली. घरी ‘म्हाका आंबो आवडटा’ म्हणणारा गोवेकर शाळेत जाऊन उलटे वाक्य शिकत राहिला. सरहद्दीपलीकडच्या स्पॅनिशमध्ये त्याचे घरचे वाक्य जसेच्या तसे होते. आणि ज्या फळावरून हे उदाहरण चालले आहे त्याचे नावही पोर्तुगीजांनीच मलबारच्या ‘मांगा’वरून उचलून युरोपास पोचविले.

आपल्या व्याकरणकारांकडे येताना थोडे भरभर चालणे भाग आहे. रोम येथे १७७८ मध्ये पोर्तुगीज भाषेत एक मराठी व्याकरण छापले गेले. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ मध्ये इंग्रजीत दुसरे काढले. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. संस्कृतच्या साच्यात आठ विभक्ती बसविताना या परंपरेला एक अडचण भेडसावत राहिली. द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीचेही तेच. मग दोन विभक्ती मानावयाच्या कशासाठी? रूप एक असेल तर विभक्ती एक, असे एक पक्ष म्हणतो. अर्थ दोन म्हणून विभक्तीही दोन, असे दुसरा. अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण अर्जुनवाडकर यांनी स्वातंत्र्योत्तर काळात ही सगळी चौकट पुन्हा तपासली. शाळेत मात्र आपण सर्वांनी प्रत्ययांचा तक्ता एका दमात पाठ केला आणि दोन ओळी सारख्या कशा, हा प्रश्न विचारणाऱ्याला बाकावर उभे राहावे लागले.

दुसरी अडचण ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याची. शाळेतील तोडगा सोपा: आवडणारा कोण? आंबा. म्हणून आंबा कर्ता. क्रियापदही आंब्याप्रमाणे चालते, तेव्हा हे बरोबरच. पण ‘रामाला आपले घर आवडते’ या वाक्यातील ‘आपले’ कोणाचे? रामाचे. मराठीत ‘आपला’ हा शब्द सहसा कर्त्याकडे बोट दाखवितो, आणि येथे तो चतुर्थीतल्या रामाकडे दाखवितो. ‘घरी येऊन मला बरे वाटले’ या वाक्यात येण्याचे काम कोणी केले? ‘मला’ने. म्हणजे क्रियापद ज्याला कर्ता मानीत नाही त्याला बाकीचे वाक्य कर्त्याचा मान देते. ‘रामनिगे तन्न मने इष्ट’ या कानडी वाक्यातही ‘तन्न’ रामाकडेच वळते. या दुहेरी मानकऱ्यावर १९७० नंतर जगात बरेच लिहिले गेले आणि १९९० मध्ये दक्षिण आशियाई भाषांतील अशा ‘अनुभवकर्त्यां’वर एक मोठा ग्रंथच निघाला. एस. एन. श्रीधर यांच्यासारख्या कानडी अभ्यासकाने त्यात मोलाची भर आधीच घातली होती.

माझ्या मते या प्रश्नात केवळ पंडितांचा स्वार्थ नाही. मला राग आला, मला आठवले, मला समजले, मला झोप लागली, ही सारी वाक्ये बोलणाऱ्याला क्रियेचा धनी करीत नाहीत. कचेरीत याचा उपयोग आपण जाणतोच. ‘मी विसरलो’ या वाक्यावर खुलासा मागविला जातो, ‘मला विस्मरण झाले’ या वाक्यावर तो मागवितानाही वरिष्ठाला थोडे अवघडल्यासारखे होते. स्पॅनिश माणूस याही पुढे गेला आहे. पेला हातून पडला तर तो ‘से मे कायो’ म्हणतो. पेला आपण होऊन पडला, आणि पडला तो ‘मला’! मराठीत येथे ‘माझ्या हातून’ म्हणावे लागते, हात तरी कबूल करावा लागतो. उलट डोके दुखू लागले की आपण ‘माझे डोके दुखते’ म्हणून त्याची मालकी सांगतो. तो ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतो, म्हणजे मला डोके दुखते. भुकेच्या बाबतीत तर तो चक्क मालक होतो, ‘मजजवळ भूक आहे’ अशा अर्थाने बोलतो, आणि आपण ‘मला भूक लागली’ म्हणून तिच्या स्वाधीन होतो. तेव्हा साम्य आहे म्हणून डोळे मिटून चालता येत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी आणि स्पॅनिश इतक्या जवळ येतात की शेजारची कानडी दूर राहते. ‘मी घर पाहिले’ यात घराला प्रत्यय नाही. ‘मी रामाला पाहिले’ यात रामाला आहे. वस्तू असेल तर कर्म उघडे, माणूस असेल तर ‘ला’ लावून. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला कासा’ म्हणजे घर पाहतो, पण ‘बेओ आ खुआन’ म्हणजे खुआनला पाहतो. तोच ‘आ’, जो दान देताना लागतो. इ.स. १२०० च्या आसपासच्या एल सिदच्या महाकाव्यातही विशेषनामांपूर्वी तो दिसतो. संस्कृतात हा भेद नव्हता, लॅटिनमध्ये नव्हता. दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे उगवला, आणि दोन्हीकडे त्यासाठी चतुर्थीचेच चिन्ह निवडले गेले. जर्मन भाषाशास्त्रज्ञ बोसाँग यांनी १९८० नंतर अशा अनेक भाषा गोळा करून या घटनेला शास्त्रात नाव दिले. आपल्या द्वितीया-चतुर्थीच्या भांडणाचे मूळही येथेच आहे. माणूस हा कर्म झाला तरी त्याला वस्तूच्या पंक्तीला बसवावयाचे नाही, म्हणून त्याच्यापुढे घेणाऱ्याचे पान मांडले, आणि व्याकरणकारांना दोन ओळींत एकच प्रत्यय लिहावा लागला.

कानडीने हे पान वेगळे ठेवले आहे. तेराव्या शतकात केशिराजाने ‘शब्दमणिदर्पण’ लिहिले तेव्हापासून तिची द्वितीया वेगळी आणि चतुर्थी वेगळी. रामाला दिले तर ‘रामनिगे कोट्टे’, रामाला पाहिले तर ‘रामनन्नु नोडिदे’. ज्या मराठी माणसाला ‘ननगे’ची सर्व वाक्ये न शिकवता आली, तोच येथे हमखास ‘रामनिगे नोडिदे’ म्हणतो. मल्लेश्वरममधला दुकानदार ते ऐकून हसत नाही. सामान बांधता बांधता तो शांतपणे ‘रामनन्नु’ म्हणतो आणि उरलेले सुटे पैसे हातावर ठेवतो.